मशीननं हवा धरली

आमच्या घरात काहीही बिघडलं की त्याचं कारण एकच असायचं, हवा. कुकरची शिट्टी होईना, हवा धरली. रेडिओ खरखरायला लागला, हवा धरली. एकदा मला जेवताना उचकी लागली तेव्हाही हेच निदान झालं आणि उपायही तोच सांगितला गेला, वरून पाणी ओता.

निदान करणारे माझे सासरे. त्यांना मी मामंजी म्हणते. त्यांचं अर्धं आयुष्य विहिरीवरच्या मोटरीशी भांडण्यात गेलं होतं. मोटरीच्या पाइपात हवा शिरली की ती नुसती गुणगुणते, पाणी उचलत नाही. मग वरून पाइपात बादलीभर पाणी ओतायचं, हवा बाहेर काढायची, की मोटर मुकाट्यानं चालू लागते. ही विद्या त्यांना अगदी अंगवळणी पडली होती. त्या विद्येनं मोटर सुधारते हे खरंच, पण त्यांनी ती जगातल्या सगळ्या यंत्रांना लावायचं ठरवलं होतं, आणि माझं त्यांच्याशी पटायचं नाही ते इथंच.

मी माळशेज घाटाच्या तोंडाशी असलेल्या मढची. आमच्याकडं पावसाळ्यात कपडे चुलीवरच्या वळणीवर वाळतात, आणि धुतलेल्या परकराला श्रावण संपेपर्यंत धुराचा वास येतो. लग्न करून अवसरी बुद्रुकला आले तेव्हा दोरीवर टाकलेली साडी भाकरी थापून होईतो वाळलेली बघून मला या गावाचा हेवाच वाटला. हे स्थळ जुळलं ते मेंढरांमुळं. मामंजींच्या वडलांपर्यंत या घरात मेंढरं होती. दिवाळीनंतर माळशेजनं कोकणात उतरताना त्यांचा वाडा, म्हणजे मेंढरं आणि बिऱ्हाड, आमच्या खाचरात मुक्कामाला बसायचा. पुढं मेंढरं गेली, शेती आली, पण ओळख राहिली, आणि त्या ओळखीतून मी या घरात आले.

आत्या, म्हणजे माझ्या सासूबाई, कपडे धुण्यात पटाईत होत्या. पटाईत हा शब्द कमीच आहे. विहिरीजवळच्या हौदावर त्यांचा दगड ठरलेला होता, आणि दुसऱ्या कुणी त्यावर कपडे आपटले तर त्या दिवसभर धुसफुसत. त्यांनी धुतलेलं धोतर लांबून ओळखू यायचं. मग माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्याच वर्षी त्या ओल्या कपड्यांची बादली घेऊन हौदाच्या पायरीवर घसरल्या आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर निघालं तेव्हा हाड जरा वाकडंच जुळलेलं होतं. त्या हातानं त्या भाकरी थापायच्या, खुरपायच्या, मला दमही द्यायच्या. फक्त पिळणं जमेना. ओली साडी त्या हातातून सुटून जायची, आणि त्या कुणी बघितलं का म्हणून इकडं तिकडं बघायच्या.

धुणं माझ्याकडं आलं. मी धुवायची आणि आत्या शेजारी उभ्या राहून साबण कुठं राहिला ते दाखवायच्या. आमची दोघींची तोंडं तेव्हा चांगलीच चालायची. आमच्या भांडणाला कंटाळून असेल किंवा आईच्या हाताकडं बघवत नसेल म्हणून असेल, माझ्या नवऱ्यानं एक दिवस दोन टाक्यांचं, वरून झाकण उघडणारं मशीन घरी आणलं. तो भाजीपाल्याची पिकअप घेऊन मुंबईच्या मार्केटला जायचा, येताना गाडी रिकामी असायची. त्या रिकाम्या गाडीतून मशीन आलं, आणि ते उतरवायला अर्धी आळी जमली.

आत्यांनी पहिल्या दिवशी त्याच्याकडं बघितलंच नाही. मला पेन्शनीत काढलं, एवढंच म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी लांबून बघितलं. तिसऱ्या दिवशी मी बटण फिरवत होते तर माझा हात बाजूला केला आणि स्वतः फिरवलं. त्यानंतर त्या बटणाला हात लावायची कुणाची प्राज्ञा नव्हती. टाकीच्या तळाशी जी गोल तबकडी फिरते, कपडे घुसळते, तिचं नाव त्यांनी भिंगरी ठेवलं. भिंगरी उलटी फिरली की सुलटी, आवाजावरून त्यांना स्वयंपाकघरात बसून कळायचं. मशीन चालू असलं की पाट घेऊन त्याच्या शेजारी बसायच्या, जणू ते तान्हं पोर आहे. धोतर पुन्हा लांबून ओळखू यायला लागलं. आत्यांचा जुना तोराही परत आला, आणि खरं सांगते, तो बघून मला बरं वाटलं.

मामंजींना मशीन पटलं नाही. त्यांचं म्हणणं, यात कपडे धुतले जात नाहीत, नुसते ढवळले जातात. आणि त्यांची घोंगडी तर या सगळ्यातून बाहेरच होती.

त्या घोंगडीबद्दल सांगायला हवं. मेंढरं विकायच्या आधी जी शेवटची कातरण झाली, तिच्या लोकरीची ती विणून घेतलेली होती. काळी, जाड, दोन्ही टोकांना दशा सोडलेल्या. मामंजी उन्हाळ्यात ती अंगाखाली घेत, पावसात डोक्यावर, थंडीत अंगावर, आणि एरवी घडी करून खांद्यावर. लग्नाला चालले तरी खांद्यावर घोंगडी. दर वैशाखात, पाऊस सुरू व्हायच्या आत, आत्या ती धुवायच्या. घोंगडीला ऊन पाणी चालत नाही, पिळणं चालत नाही, साबणाची पावडर चालत नाही. गार पाण्यात रिठ्याचा फेस करून पायांनी तुडवायची, सावलीत वाळवायची, मग चिंचोक्याची खळ शिजवून ती कुंच्यानं अंगभर चोळायची. खळ वाळली की घोंगडी कडक होते आणि पाऊस तिच्यावरून घरंगळून जातो. हात मोडल्यावरच्या पहिल्या वैशाखात आत्यांनी हे सगळं एकटीनं केलं होतं. त्यानंतर मात्र मामंजींनी घोंगडी द्यायची बंद केली.

आत्या वैशाख लागला की मागायच्या. मामंजी म्हणायचे, राहू दे, अजून मळली नाही. तीन वैशाख असेच गेले. घोंगडीची अवस्था अशी झाली होती की मामंजी कोपऱ्यावर असतानाच दारातला कुत्रा शेपूट हलवायला लागायचा. मी नाक मुरडायची, पण आत्यांना ते वेगळंच लागलं होतं. एकदा शेंगा फोडताना त्या मला म्हणाल्या, "हात मोडला तसा माझ्यावरचा इस्वास बी मोडला ह्यांचा." मी काहीतरी समजूत घातली. ती मला स्वतःलाही पटली नव्हती.

तिसऱ्या वैशाखात महाळुंगे पडवळला जवळच्या नात्यात लग्न होतं. आम्ही दोघी सकाळी गेलो ते दिवेलागणीला परत आलो. मामंजी बटाट्याचं बेणं निवडायचंय म्हणून घरी राहिले होते. दुसऱ्या दिवशी आत्यांनी लग्नातल्या साड्या भिजवल्या, मशीनमधे घातल्या, पाणी भरलं, बटण फिरवलं. मशीन नुसतं गुणगुणलं. भिंगरी जागची हलली नाही. पाणी सोडायचं बटण फिरवलं तर पाणीही जाईना.

मी मामंजींना हाक मारली. ते ओसरीवर होते. आत न येता, काही न बघता त्यांनी तिथूनच सांगितलं की हवा धरली. त्यांच्या खांद्यावर त्या दिवशी घोंगडीऐवजी टॉवेल होता. मी विचारलंसुद्धा. मोटरीच्या खोलीत राहिली म्हणाले. माझं लक्ष नव्हतं, मला पाण्यात बुडालेल्या साड्या दिसत होत्या.

मग हवा काढायचा कार्यक्रम सुरू झाला. मशीनच्या मागची पाणी जायची लवचिक नळी मामंजींनी वर धरली आणि तिच्यात तांब्यातांब्यानं पाणी ओतलं. नळी भरली आणि उरलेलं पाणी त्यांच्या धोतरावर आलं. नळीला तोंड लावून ओढून बघितलं, तर साबणाचं पाणी घोटभर पोटात गेलं, आणि ते संध्याकाळपर्यंत ढेकर देत होते. मी म्हटलं, ही मोटर पाणी उचलत नाही, हिला पाणी फक्त खाली सोडायचंय. ते म्हणाले, पाणी ते पाणीच.

दुसऱ्या दिवशी उताराचा शोध लागला. मशीन चार विटांवर चढवलं. पाणी गेलं नाही, पण मशीन इतकं उंच झालं की आत्यांना आतलं दिसेना. तिसऱ्या दिवशी व्होल्टेज. आमच्याकडं तेव्हा लाइट असली तरी बल्ब टोमॅटोसारखा लाल पेटायचा, त्यामुळं या कारणात थोडा जीव होता. पण दुपारी बल्ब लख्ख पेटला आणि भिंगरी तशीच. मग मागचा पत्रा उघडला. प्लग काढलाय ना हे मी दोनदा बघितलं, कारण मामंजींचा विजेशी घरोबा होता आणि मला त्याची भीती वाटायची. पट्टा शाबूत होता. मोटरीला त्यांनी नाक लावलं, वाइंडिंग जळल्याचा वास नव्हता. मोठं चाक हातानं फिरवून बघितलं तर ते हलेना. वरच काहीतरी अडकलंय हे उघड होतं. मी तसं म्हटलं. मामंजींनी पत्रा लावायला घेतला आणि बेअरिंग गेल्याचं जाहीर केलं.

मुंबईहून नवऱ्याचा फोन आला, त्याला सांगितलं. त्यानं दुकानात विचारलं. दुकानदाराचं म्हणणं, तुमच्या बाजूच्या आणखी दोन-तीन तक्रारी जमल्या की माणूस पाठवतो. म्हणजे आम्ही गावात आणखी कुणाचं तरी मशीन बिघडायची वाट बघायची. गावात मशीनच तेव्हा बोटांवर मोजण्याएवढी होती, आणि ती सगळी मेली चांगली चालत होती.

मामंजींनी मग तोडगा काढला. बटाट्याचं बेणं लावायच्या आधी औषधाच्या पाण्यात बुडवून काढावं लागतं. त्याला अशी टाकी झकास. बाजाराच्या दिवसापर्यंत मशीन चालू झालं नाही तर ते उचलून शेतावरच्या खोलीत न्यायचं, असं त्यांनी जेवताना सांगितलं. मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता यांच्या तोंडाचा पट्टा सुटणार. त्यांनी मामंजींना आणखी आमटी वाढली. आत्या गप्प बसल्या की मला घाबरायला व्हायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गोठ्यातून आले तर आत्या हौदावर आपल्या जुन्या दगडापाशी. सदऱ्याचं एक टोक पायाखाली दाबून दुसरं टोक त्या डाव्या हातानं पिळत होत्या आणि वाकडा उजवा हात नुसता आधाराला लावत होत्या. सदऱ्यातून पाणी निथळतच होतं. त्यांनी मला बघितलं नाही. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तशीच घरात आले, कपाटावरचं मशीनचं पुस्तक काढलं आणि चित्रं बघत बसले. मजकूर इंग्रजी-हिंदीत होता, पण चित्रात भिंगरी कशी काढायची ते स्पष्ट दिसत होतं. मधोमध झाकणाखाली एक स्क्रू. तो काढला की भिंगरी वर उचलायची.

मामंजींना हे सांगितलं तर ते एकदम उभे राहिले. भिंगरी कंपनीनं बसवलेली आहे, तिला हात लावायचा नाही. का नाही, तर मशीनचा तोल जातो. कुठं लिहिलंय, तर अनुभव आहे. चार दिवस मशीनचं पोट, पाठ, पाय सगळं उघडणाऱ्या माणसाला भिंगरीचाच एवढा कळवळा का यावा, हे मला कळेना. मी म्हटलं, बेणं बुडवायच्या टाकीला भिंगरी नकोच आहे, मग काढायला काय हरकत? आत्या दारात येऊन उभ्या होत्या. त्या फक्त म्हणाल्या, "उघडा."

स्क्रू गंजला नव्हता, पण चिकट झाला होता. पाणी तांब्यानं उपसून टाकी कोरडी केली. स्क्रू निघाला, भिंगरी निघेना. पुस्तकात बाई हसत हसत ती एका हातानं उचलत होती. मी सुतळीचे दोन फास केले, समोरासमोर भिंगरीच्या कडेखाली सरकवले. एक टोक मी धरलं. दुसरं धरायला आत्यांचा हात चालण्यासारखा नव्हता. म्हणजे राहिले मामंजी. त्यांनी सुतळी अशी धरली की जणू मी त्यांना विंचू धरायला सांगितलाय. मी ओढा म्हटलं. ते ओढल्यासारखं करत होते. मग आत्याच त्यांच्या मागं येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा कुठं जोर लागला. फप्प असा आवाज झाला आणि भिंगरी निसटून वर आली.

आधी वास आला. ओल्या मेंढराचा, आणि त्यात शिजलेल्या चिंचोक्याचा. हा वास मी माहेरी लहानपणापासून ओळखते, तो चुकत नाही. भिंगरीखाली, दांड्याभोवती, काळ्या लोकरीचं कडं बसलं होतं. फिरून फिरून ते इतकं घट्ट झालं होतं की डोक्यावर हंडा ठेवायला करतात त्या चुंबळीसारखं दिसत होतं. त्यातून दशांची टोकं बाहेर आली होती, आणि सगळ्यावर तपकिरी, बुळबुळीत खळ. मी विळीच्या टोकानं ते कापलं, बाहेर काढलं आणि मधोमध फरशीवर ठेवलं.

मी मामंजींकडं बघितलं. मामंजी मशीनच्या नळीकडं बघत होते.

आत्या खाली बसल्या. त्यांनी ते कडं उचललं, दाबून बघितलं. त्यांना नवल वाटलेलं दिसत नव्हतं. "वास मला पैल्याच दिवशी आला व्हता," त्या म्हणाल्या. "खांदा बी दिसत व्हता मोकळा. म्हटलं, बघू कवा सांगत्यात." मग माझ्याकडं न बघता त्या जे खरं बोलायचं होतं ते बोलल्या. "मला तीन वर्सं न्हाई दिली. आन मशीनला दिली."

तेव्हा मला कळलं की आत्या इतके दिवस का गप्प होत्या. मशीन जाईल याची त्यांना धास्ती होतीच. पण आपल्या हातावर जो भरवसा ठेवला नाही तो या माणसानं एका डब्यावर ठेवला, हे त्यांना जास्त झोंबलं होतं.

मामंजी बराच वेळ टॉवेलनं हात पुसत राहिले. हात कधीच कोरडे झाले होते. मग म्हणाले, "तुला दिली आसती तर तू धुतली आसतीस."

"मग? धुतलीच आसती."

"तेच की. पैल्या वर्सी धुतलीस, तवा रातच्याला भिताडाकडं तोंड करून हात चोळत बसली व्हतीस. तुला वाटलं मी झोपलोय. हात दुखतोय म्हणून तू सांगणार न्हाईस. मग मी दिलीच न्हाई."

आत्यांनी मान वर केली नाही. लोकरीचं कडं त्या मांडीवर धरून बसल्या होत्या. माझ्या डोळ्यात पाणी येणं तसं स्वस्त आहे, ते आलं. मी भिंगरी धुवायला घेऊन बाहेर गेले.

बाकीची हकीकत मामंजींनी नंतर हळूहळू सांगितली. घोंगडीचा वास आता त्यांनाही सहन होईना. आत्यांना द्यायची नव्हती, मला द्यायची तर आत्यांना कळलं असतं, आणि स्वतः हौदावर जाऊन धुवायची तर गावातला जाणता माणूस कपडे धुताना दिसला असता. म्हणून लग्नाच्या दिवशी, घरात कुणी नाही बघून, त्यांनी तिची गाठ मशीनशी घालून दिली. मळ निघावा म्हणून चुलीवरचं आधणाचं पाणी ओतलं. मळ फारच होता म्हणून पावडरचा अख्खा पुडा रिकामा केला. फेस झाकणातून बाहेर आला, भिंगरीनं दशा धरल्या, मशीन आचके द्यायला लागलं. त्यांनी बटण बंद करून, टाकीत पाय रोवायचेच काय ते बाकी ठेवून, घोंगडी ओढून काढली. दशा आणि काठाची एक पट्टी आतच राहिली. आम्ही यायच्या आत टाकीतलं पाणी उपसलं, फरशी पुसली हेही त्यांनी सांगितलं. त्या घरात पुरुषानं फरशी पुसल्याची ती पहिलीच वेळ होती, आणि ती बघायला आम्ही दोघी नव्हतो याचं मला अजून वाईट वाटतं.

मशीन लगेच चालू झालं असं नाही. भिंगरी बसवली, ती फिरायला लागली, आत्यांनी कान देऊन ऐकलं आणि उलटी-सुलटी दोन्ही बरोबर आहे असं सांगितलं. पण पाणी जाईना. मागच्या बाजूला पाणी जायच्या तोंडाशी एक रबरी बूच असतं, बटण फिरवलं की ते वर उचललं जातं. त्याचं झाकण मी उघडलं तर तिथंही खळ आणि लोकर. केसांच्या आकड्यानं ती ओढून काढली. तरी पाणी थेंबाथेंबानंच. शेवटी नळी काढून मामंजींनी तिच्यात जोरानं फुंकर मारली. दुसऱ्या टोकातून लोकरीचा बोळा उडून भिंतीवर आपटला, आणि नळी मोकळी झाली. पाणी धो धो गेलं. मामंजी माझ्याकडं बघून म्हणाले की हवाच होती. मी त्यांना तेवढं बोलू दिलं. सगळं जोडून झाल्यावर एक स्क्रू उरला, तो कुठला ते आम्हाला आजवर कळलेलं नाही. मशीन त्याच्यावाचून कितीतरी वर्षं चाललं.

घोंगडी मोटरीच्या खोलीत, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली लपवलेली होती. मामंजींनी ती आणून आत्यांच्या पुढं ठेवली. आधणाच्या पाण्यानं ती आकसून थाळीपीठासारखी जाड झाली होती. एका काठाला दशाच नव्हत्या. आत्यांनी ती उलगडून मामंजींच्या अंगाला लावून बघितली, तर जेमतेम गुडघ्यापर्यंत आली. आधी मला हसू आलं, मग आत्यांना, आणि आम्ही दोघी इतक्या हसलो की मामंजीही शेवटी टॉवेल तोंडाला लावून हसले.

दुसऱ्या दिवशी ती रीतसर धुतली. पावडर काढायलाच हौदाचं निम्मं पाणी गेलं. तुडवायला मामंजी उतरले, धोतर वर खोचून. आत्या दगडावर बसून सूचना द्यायच्या, टाचेनं न्हाई, चवड्यानं. बांधावरून जाणारे थांबून बघायचे. कुणी विचारलं, काय पावणं, धुणं काढलं का, तर मामंजी म्हणायचे की धुत नाही, तुडवतोय.

ती सावलीत वाळली. मी चिंचोके भाजून, दळून खळ शिजवली. कुंचा मात्र आत्यांनी कुणाला दिला नाही. डाव्या हातात कुंचा, त्यावर उजव्या हाताचा दाब, अशा त्या सबंध दुपार घोंगडीवर खळ चोळत होत्या. मधेच हात थांबायचा. मामंजी समोर कोपरा ताणून धरून बसले होते. एकदा त्यांचा हात कुंच्याकडं गेला, दे इकडं म्हणणार होते बहुतेक. पण म्हणाले नाहीत. कोपरा नीट धरून बसले.

पुढच्या वर्षी वैशाख लागला. मी आणि आत्या मशीनपाशी बसलो होतो, भिंगरी चालू होती. मामंजी बाहेरून आले, खांद्यावरची घोंगडी काढली आणि न मागता आत्यांच्या मांडीवर ठेवली. आत्यांनी तिच्यावरून वाकडा हात फिरवला.

"मशीनला लावू?" त्यांनी विचारलं.

मामंजींनी दारातच वहाणा काढल्या, धोतर खोचलं आणि हौदाकडं चालायला लागले.